सापडलेली गाणी कुणाची?

गेल्या पावसाळ्यात मी एका माणसाला दुखावलं. निमित्त चार गाण्यांचं होतं.

आमच्या टीममध्ये एक सिनिअर आहेत. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. अख्खा मजला त्यांना दादा म्हणतो. घराचा हप्ता, दुसरीतली मुलगी, डब्यात रोज दोन भाज्या असा शांत माणूस. एका रात्री रिलीजसाठी दोघंच ऑफिसात थांबलो होतो. माझ्या हेडफोनमधून बाहेर येणारी गिटार ऐकून ते म्हणाले, “आमचाही बँड होता कॉलेजात.” एवढंच म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले.

मला तेवढं पुरेसं होतं. त्यांच्या कॉलेजच्या एकाला विचारून बँडचं नाव काढलं, दोन तास खणलं आणि पान सापडलं. चार गाणी. होस्टेलच्या खोलीत रेकॉर्ड केलेली असावीत, कारण एका गाण्याच्या मागे पंखा ऐकू येतो. किणकिणती गिटार, जरा लाजरा आवाज, सूर एके ठिकाणी सुटलेला. गाण्यांखालचा आकडा: ६१ वेळा ऐकलं गेलंय. मी तीनदा ऐकलं. मग रात्री एक वाजता ऑफिसच्या ग्रुपवर लिंक टाकली. वर लिहिलं, “बघा कोण लपून बसलंय!”

सकाळपर्यंत बदाम आणि रॉकस्टारचे स्टिकर यांचा पाऊस पडला होता. दादांनीही एक हसरा चेहरा टाकला. दुपारी जेवणानंतर मी पुन्हा लिंक उघडली, तर पान गेलेलं.

संध्याकाळी टपरीवर मी म्हणालो, “दादा, सॉरी. पण गाणी खरंच भारी होती.” ते रागावले नाहीत. म्हणाले, “भारी की फालतू, हा प्रश्नच नाहीये रे. ती चौघांची गाणी होती. त्यातल्या दोघांशी मी आता बोलत नाही. एक गाणं जिच्यासाठी लिहिलं ती याच शहरात असते. तू विचारलं असतंस, तर मीच ऐकवली असती.”

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. विसरलं गेलेलं गाणं शोधून काढणं हे चांगलं काम आहे, असं मी कायम धरून चालत होतो. पण ते चांगलं नक्की कुणासाठी?

मला हा नाद इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी लागला. सुरुवात १९८६ च्या एका कॅसेटपासून झाली. ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने ‘सी८६’ नावाची एक कॅसेट काढली होती. २२ बँड, प्रत्येकाचं एक गाणं. द पेस्टल्स, शॉप असिस्टंट्स, प्रायमल स्क्रीम. त्यातले काही मोठे झाले, बरेच विरून गेले. पैसे नाहीत, वाजवायला धड येत नाही, तरी आपलं गाणं आपण करायचं, असा तो इंडी पॉपचा बाणा. कळकट होस्टेलमध्ये बसून तो मला फार जवळचा वाटला.

तिथून मी ‘सारा रेकॉर्ड्स’पर्यंत पोचलो. १९८७ मध्ये क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी ब्रिस्टल शहरात घरातूनच हे लेबल सुरू केलं. पहिली तबकडी द सी अर्चिन्स या बँडची. त्यांचं गणित आमच्या धंद्याच्या बरोब्बर उलटं होतं. चाहत्याला तेच गाणं दोन-दोनदा विकत घ्यायला लावायचं नाही. छोटी, सात इंची, स्वस्त तबकडी काढायची. क्रमांक गाण्यांनाच द्यायचे असंही नाही. काही क्रमांक हाताने केलेल्या छोट्या मासिकांना दिले, आणि ५० वा क्रमांक चक्क एका बोर्डगेमला. मग १०० वा क्रमांक आला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये त्यांनी दुकान बंद केलं. दिवाळं निघालं नव्हतं, भांडण झालं नव्हतं. शंभर झाले, संपलं. संपल्याची जाहिरातसुद्धा दिली आणि पार्टी केली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हळहळ वाटली होती. इतकं चांगलं काहीतरी विसरलं गेलं! आज वाटतं, त्यात हळहळ कसली? त्यांनी पूर्णविराम दिला होता. मी त्याला अपघात समजत होतो.

इथे माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी खरेदीच्या एका ॲपमध्ये ‘तुम्हाला हेही आवडेल’ ही पट्टी दाखवणाऱ्या टीममध्ये आहे. त्यामुळे गाण्यांचं ॲप मला पुढचं गाणं कसं सुचवत असेल, याचा मला अंदाज असतो. त्यातलं एक उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. अमेरिकेतल्या बोस्टनकडचा गॅलॅक्सी ५०० हा बँड. तीन अल्बम काढून १९९१ मध्ये फुटला. त्यांच्या १९८९ च्या अल्बममध्ये ‘स्ट्रेंज’ नावाचं गाणं आहे. ते कधी सिंगल म्हणून निघालं नव्हतं. तरी काही वर्षांपूर्वी ड्रमर डेमन क्रुकोवस्कीच्या लक्षात आलं, की स्पॉटिफायवर त्यांचं हेच गाणं बाकी सगळ्यांना मागे टाकून पुढे गेलंय. कारण काय, तर जानेवारी २०१७ मध्ये स्पॉटिफायने ऑटोप्ले आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. तुमचा अल्बम संपला, की त्याच्यासारखं वाटणारं काहीतरी वाजत राहतं. आणि गॅलॅक्सी ५०० च्या गाण्यांपैकी ‘स्ट्रेंज’ हे इतर बँडच्या गाण्यांसारखं सगळ्यात जास्त वाटतं.

म्हणजे बँड सापडला, पण तो जिथे सगळ्यात कमी स्वतःसारखा होता तिथे सापडला.

यात कुणी खलनायक नाही. मी रोज असलाच कोड लिहितो. साम्य मोजता येतं, म्हणून साम्य मोजलं जातं. वेगळेपण मोजायला कठीण, आणि श्रोत्याने मध्येच बंद करण्याची भीती जास्त. पण मोजणीचा परिणाम पुढे पैशांवर होतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १००० पेक्षा कमी वेळा ऐकलं गेलं, त्या रेकॉर्डिंगला मानधन मिळत नाही. ती रक्कम बाकीच्यांत वाटली जाते. एकेका गाण्यामागे ती किरकोळच असते, हे कबूल. पण कोडच्या एका ओळीत बसणारी ही अट आहे. ९९९ म्हणजे शून्य. अशा वेळी एखादा छोटा, नवा बँड शोधून दहा जणांना ऐकवणं, त्यांची गाणी थेट त्यांच्याकडून विकत घेणं, कार्यक्रमाला तिकीट काढून जाणं, हे खरंच चांगलं काम आहे. तिथे विसरलं जाणं हा अन्याय आहे आणि आपलं ऐकणं हा त्यावरचा छोटासा उतारा.

आणि उशिरा सापडणंही कधी कधी गोड असतं. सारा रेकॉर्ड्सचाच हेवन्ली नावाचा बँड घ्या. गायिका ॲमेलिया फ्लेचर. ती पुढे अर्थतज्ज्ञ झाली, बाजारातली स्पर्धा आणि ग्राहक हा तिचा विषय. १९९६ मध्ये ड्रमर मॅथ्यू, म्हणजे तिचा भाऊ, गेला आणि बँड थांबला. उरलेल्यांनी नंतर पुन्हा गाणी केली, पण दुसऱ्या नावाने. पंचवीसेक वर्षं गेली. आपल्याकडे २०२० पासून बंद असलेल्या टिकटॉकवर त्यांचं १९९३ चं एक गाणं तेव्हा जन्मलेही नसलेल्या मुलींनी उचललं. २०२३ मध्ये हेवन्ली त्याच नावाने लंडनच्या मंचावर पुन्हा उभा राहिला. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते नाव ठेवून द्यायचं त्यांनी ठरवलं, आणि पुन्हा काढायचंही त्यांनीच ठरवलं. मुलींनी दार वाजवलं. उघडलं बँडने.

दादांच्या बाबतीत मी दार वाजवलंच नाही. सरळ आत शिरलो आणि लोकांना बोलावलं.

ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर गर्दीत चेंगरलेलं गाणं, ठरवून संपवलेलं गाणं आणि कुणी जपून कोपऱ्यात ठेवलेलं गाणं, ही तिन्ही सारखीच दिसतात. खाली छोटा आकडा, बस. यंत्राला फक्त तो ६१ दिसतो. त्याला फरक कळत नाही, म्हणून त्याला माफ आहे. माझं तसं नाही. ज्यांचं गाणं होतं ते माझ्यापासून पंधरा पावलांवर बसतात. मला विचारता येत होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते ‘मी शोधलेलं’ राहिलं नसतं.

हे कबूल करायला वेळ लागला. शाळेच्या पुस्तकात आपण पाठ केलं होतं, वास्को द गामाने भारताकडे येण्याचा सागरी मार्ग शोधला. तेव्हाही वर्गात कुणीतरी विचारायचंच, की इथे राहणाऱ्यांना भारत आधीपासून माहीत नव्हता का? माझ्या प्लेलिस्टचंही तेच. कुठलाही बँड मी शोधेपर्यंत हरवलेला नसतो. त्या चार पोरांना, त्यांच्या मित्रांना, त्या मुलीला तो माहीतच असतो. ‘विसरलेला’ म्हणताना आपण म्हणत असतो, की मला माहीत नव्हता. आणि मला माहीत नसणं म्हणजे जगाने गमावणं, हा हिशेब फार सोयीचा आहे. त्यातला खरा आनंद गाण्याचा किती आणि स्वतःच्या नजरेचा किती, हे त्या रात्री तपासलं असतं तर मी ग्रुपवर गाण्याबद्दल एखादी ओळ लिहिली असती. मी लिहिलं होतं, बघा कोण लपून बसलंय.

कुणी म्हणेल, ज्याने गाणं इंटरनेटवर ठेवलं त्याने ते जगाला दिलंच की. नियमाने बरोबर आहे. पण अंगणात वाळत घातलेली गोधडी रस्त्यावरून सगळ्यांना दिसते, म्हणून ती प्रदर्शनात नेऊन टांगायची नसते.

एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. त्या रात्री सवयीने मी ती चारही गाणी डाउनलोड केली होती. पान गेलं तरी माझ्या लॅपटॉपवर ती होतीच. महिनाभर मी ती उघडली नाहीत आणि पुसलीही नाहीत. पुसणं म्हणजे आपणच शेवटची प्रत फाडणं, असं वाटायचं. ठेवणं म्हणजे न विचारता घेतलेली वस्तू वापरत राहणं.

शेवटी दादांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “चारही आहेत?” त्यांची जुनी हार्डडिस्क केव्हाच बिघडली होती. वैतागून पान काढून टाकताना ही एकच प्रत आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. “मला पाठव,” म्हणाले. “आणि मग तुझ्याकडची काढून टाक.”

म्हणजे माझ्या आगाऊपणामुळे गाणी गेली आणि माझ्या हावरटपणामुळे वाचली. यातून माझ्या बाजूने काही बोध काढावा असं मला वाटत नाही. मी फाइल्स पाठवल्या आणि माझ्याकडच्या पुसल्या. तिसऱ्या गाण्याची चाल अजून आठवते, शब्द आठवत नाहीत. कधीतरी धीर करून विचारेन, “दादा, ऐकवता का?” नाही म्हणाले, तरी चालेल.