समुद्र मोडनिंबला कधी येणार?

परवा भूगोलाच्या तासाला मी मुलांना सांगितले की, १९०१ ते २०१८ या काळात जगातले समुद्र सरासरी वीस सेंटिमीटरांनी चढले. आणि फळ्यावर जवळजवळ वीतभर रेघ ओढली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, मग तो मोडनिंबला कधी येणार?" वर्ग हसला. मीही हसलो. चारशे मीटरांहून उंच पठारावर पावसाची वाट पाहत जन्म काढणाऱ्यांना समुद्राचे भय कसले!

रात्री मात्र ते हसणे मला टोचत राहिले.

रायगड जिल्ह्यात खाड्यांच्या काठी खारबंदिस्ती आहे. मातीचे बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली ती भातशेती. बांधाला उघाडी असते. ती ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडते, भरतीला मिटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते, आणि ते ओसरले तरी मीठ मागे राहते. आपण लक्ष्मीपूजन करतो ती रात्रही अमावास्येचीच. तिकडे कोणी दारात पणती ठेवून बांधाकडे एक फेरी मारून येत असेल.

खांड एका ठिकाणी पडते, पीक साऱ्यांचे जाते. म्हणून बांध कोणा एकाचा नसतो. पण समुद्र चढला तो त्या शेतकऱ्याच्या चुकीने नव्हे. जगाने कोळसा आणि तेल जाळले, हवा तापली, बर्फ वितळले, ऊन पाणी फुगले. त्या जाळण्यात माझ्या फटफटीचाही चिमूटभर वाटा आहे. मग तो बांध माझाही नाही काय?

जाणते म्हणतात, बांध किती उंचवणार? तिवरे वाढू द्या, माणसांनी मागे सरावे. ते खरेही असेल. पण "मागे सरा" हे शब्द उंचावरून उच्चारायला फार सोपे. आमच्या माढा तालुक्यातच उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. त्याच पाण्यावर आमच्याकडे ऊस उभा राहिला. पाणी आटले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. एका उन्हाळ्यात आम्ही डबे बांधून ते पाहायला गेलो. तिथे एक म्हातारा नातवाला ओल्या चिखलात बोट दाखवून सांगत होता, "हितं आपली चूल व्हती." माझ्या हातातला घास हातातच राहिला. मोबदला मिळाला असेल. पण तेवढ्याने आमचे देणे फिटले, असे मला त्या दिवसापासून म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सांगितले, "समुद्र इथे यायचा नाही. त्याने उठवलेली माणसे मात्र येतील कदाचित."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "गुरुजी, ती भात खाणारी माणसं ना? आपली ज्वारीची भाकरी चालंल त्यांना?"