खेळांतील तन्मयता

प्रत्येक पिढीला आपल्या मुलांचा खेळ आपल्या खेळाहून वाईट वाटतो. पत्त्यांना नांवें ठेवणारे वडील होऊन गेले, क्रिकेटच्या नादानें मुलें फुकट गेलीं असें म्हणणारे होऊन गेले, आणि आज तोच दोष व्हिडिओ गेमच्या पदरीं आला आहे. एवढ्यावरून हा दोष खोटा ठरत नाहीं. फक्त तो देतांना आपण नेमकें काय म्हणत आहों, हें तपासलें पाहिजे, इतकेंच ठरतें. तें तपासण्याचा प्रसंग आम्हांवर नुकताच टिटवाळ्यास आला.

अंगारकीचा दिवस होता. तेथील आमच्या एका स्नेह्यांच्या वृद्ध आत्याबाई महागणपतीच्या दर्शनासाठीं ठाण्याहून लोकलनें येणार होत्या. त्यांना उतरवून घेण्यास आम्ही दोघे स्टेशनावर गेलों; पण त्या दिवसाच्या गर्दींत चुकामूक झाली आणि बाई एकट्याच रिक्षा करून घरीं पोंचल्या. घरांत स्नेह्यांचा चौदा वर्षांचा मुलगा होता. बाईंनीं दोनदां घंटा वाजविली. आंतून "थांबा, आलों" असें उत्तर आलें. पण कोणी आलें नाहीं. आम्ही परतलों तेव्हां त्या मांडीवर नारळाची पिशवी घेऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मुलगा आंत मोबाइलवर लढाईचा खेळ खेळण्यांत गर्क होता. वडिलांनीं कांहीं न विचारतां मोबाइल त्याच्या हातून ओढला आणि भिंतीवर आपटला. मुलगा रडला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, "बाबा, माझ्यामुळें आतां ते तिघेही हरतील."

त्या वाक्यानें आमच्या मनांत तयार होत आलेला निकाल अडला. मुलानें अतिथीस ताटकळत ठेवलें हें उघड होतें. पण त्याच्या मनांत त्या वेळीं स्वार्थ नव्हता, आपल्या सोबत्यांविषयींची निष्ठा होती. चांगल्या भावनेंतून वाईट वर्तन घडावें, हें कसें?

काळू नदीच्या आसमंतांत कण्वमुनींचा आश्रम होता आणि येथील गणपतीची मूळ स्थापना शकुंतलेनें केली, अशी टिटवाळ्याच्या लोकांची परंपरागत श्रद्धा आहे. तिच्या ऐतिहासिक खरेखोटेपणांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. परंतु त्या गांवीं, दाराबाहेर तिष्ठत बसलेली ती पाहुणी पाहून आम्हांस कालिदासाचें 'शाकुंतल' आठवलें. महाभारतांतील मूळ उपाख्यानांत दुर्वासाचा शाप नाहीं; तो नाटकांत आला आहे. शकुंतला पतीच्या चिंतनांत इतकी बुडालेली असते कीं दाराशीं आलेल्या ऋषीची हांक तिच्या कानीं पडत नाहीं. तिच्या मनांत पाप नाहीं, प्रेमच आहे. तरी अपराध घडतो. ह्याच नाटकाच्या आरंभीं ह्याच्या उलट प्रसंग आहे. राजा मृगयेच्या ऐन भरांत आहे, रथ धांवतो आहे, धनुष्य ओढलेलें आहे. इतक्यांत एक तपस्वी मध्यें येऊन 'हा आश्रमाचा मृग आहे' असें सांगतो, आणि राजा बाण उतरवितो. तन्मयता दोघांचीही आहे. एकास हांक ऐकूं आली, दुसरीस आली नाहीं, एवढाच भेद.

दुसऱ्या अंकांत तर खेळाच्या गुणदोषांचा वादच रंगला आहे. मृगयेनें शरीर हलकें होतें, चालत्या लक्ष्यावर नेम बसतो, भ्यालेल्या व चवताळलेल्या प्राण्यांचें मन कळतें, असें सेनापति सांगतो; विदूषक आपल्या खिळखिळ्या झालेल्या सांध्यांचें रडगाणें गातो. आज व्हिडिओ गेमविषयीं बोलणारे लोक पाहावे तर एक पक्ष सेनापतीचा व दुसरा विदूषकाचा, असेंच दिसतें. दोघेही आपापल्या परीनें खरें बोलतात. परंतु निर्णयास उपयोगी पडेल असा प्रश्न आमच्या मतें तिसराच आहे: खेळ खेळणाऱ्यास बाहेरची हांक ऐकूं देतो कां, आणि ऐकल्यावर त्यास उठूं देतो कां? ह्या एका कसोटीवर आपण ह्या खेळांच्या निरनिराळ्या जाती लावून पाहूं.

पहिली जात नेमबाजीची व चपळाईची. १९७८ सालीं जपानांत निशिकादो ह्यांनीं रचलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा तिचा एक आद्य नमुना. त्यांत शत्रु जसजसे कमी होतात तसतसे उरलेले अधिक वेगानें चालून येतात. अशा खेळांनीं दृष्टि तीक्ष्ण होते, हें केवळ खेळणाऱ्यांचें म्हणणें नाहीं. ग्रीन व बाव्हेलिए ह्या संशोधकद्वयानें २००३ सालीं 'नेचर' ह्या शास्त्रीय नियतकालिकांत तशा प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेनापतीचें म्हणणें येथपर्यंत खरें ठरलें. ह्या खेळांवरचा नेहमींचा आक्षेप हिंसेचा. पडद्यावर रक्त सांडणारा मुलगा घरींही क्रूर होतो कीं काय, ह्याविषयीं मानसशास्त्रज्ञांत एकमत नाहीं. आणि बुद्धिबळ हेंही युद्धाचेंच चित्र आहे. आम्हांस ह्या जातीचा खरा दोष निराळा वाटतो. विचारास जेथें क्षणाचीही उसंत नाहीं, तेथें 'आतां पुरे' हा विचार सुचण्यासही उसंत राहत नाहीं.

दुसरी जात कोड्यांची. १९८४ सालीं मॉस्को येथें अलेक्सेइ पाजितनोव्ह ह्यांनीं 'टेट्रिस' रचला. वरून पडणारे ठोकळे रांगेंत बसवावयाचे, इतकाच तो खेळ. पण पसाऱ्यांतून व्यवस्था लावण्याचें जें निर्मळ सुख त्यांत आहे तें नाकारतां येणार नाहीं. त्यांत कोणाचा द्वेष नाहीं, कोणाचा पराभव नाहीं, आणि तो केव्हांही थांबवितां येतो. परंतु मूळ रचनेंत त्याला विजय असा नाहीं. चांगलें खेळल्याचें फळ हेंच कीं ठोकळे अधिक वेगानें पडूं लागतात. आम्ही स्वतः कसारा लोकलनें टिटवाळ्यास जातांना ह्या खेळांत दंग होऊन एकदां पुढें खडवलीस उतरलों आहों. तेव्हां त्या मुलास दोष देण्याचा आमचा अधिकार थोडा बेताचाच आहे.

तिसरी जात रचनेची व राज्यकारभाराची. १९८९ चा 'सिमसिटी' आणि १९९१ चा 'सिव्हिलायझेशन' हे तिचे प्रसिद्ध नमुने. 'सिमसिटी'मध्यें खेळणाऱ्याला नगर वसवावें लागतें: कर फार वाढविले तर वस्ती ओसरते, घरांशेजारीं कारखाने आणले तर हवा बिघडते. कारणावरून कार्य ओळखण्याचें असें शिक्षण पुष्कळ पाठ्यपुस्तकांतही मिळत नाहीं. टिटवाळ्यासारख्या गांवीं, जेथें पाहतां पाहतां शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या, तेथल्या मुलाला रस्ता आधीं कीं घर आधीं, हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाहीं. परंतु ह्या खेळांत माणूस म्हणजे आंकडा. घर पाडलें तर रक्कम वजा होते. घर सोडून जाणाऱ्याचा चेहरा दिसत नाहीं. हें नीट सांगणारें कोणी जवळ असेल तर हा खेळ उत्तम गुरु होईल. नसेल तर माणसांकडे गच्चीवरून पाहण्याची संवय लावील.

चौथी जात कथेची. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेनें २०२० सालीं 'राजी' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. राक्षसांनीं पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावास सोडविण्यास निघालेली एक डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी ही त्याची नायिका. देवदेवता तिची कथा सांगतात, आणि तींतील वाडे-महाल राजस्थानी घाटाचे आहेत. अशा खेळांत खेळणाऱ्याचें स्वातंत्र्य थोडें असतें, कारण वाट कर्त्यानें आंखून दिलेली असते. हा त्यांचा उणेपणा. परंतु त्यांना शेवट असतो. कथा संपली कीं खेळणारा उठतो, आणि उठल्यावर त्याच्यापाशीं कांहीं उरतें. आमच्या कसोटीस ही जात सर्वांत अधिक उतरते.

आतां त्या मुलाचा खेळ. 'पब्जी'च्या घराण्यांतील ह्या लढायांत शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. चौघांची एक तुकडी असते. सुरक्षित वर्तुळ आकुंचत जातें, आणि अखेरीस एक तुकडी उरते. सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं जीं ११८ ॲप्स बंद केलीं त्यांत मोबाइलवरील 'पब्जी'ही होता. पण तें देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव, नीतीच्या नव्हे, आणि २०२१ सालीं त्याची भारतासाठीं केलेली आवृत्ति आली. सहकार्य, प्रसंगावधान, दुसऱ्यासाठीं स्वतःस धोक्यांत घालणें, हे गुण ह्या खेळांत खरोखरच लागतात. पण कथेचा वा कोड्याचा खेळ जसा क्षणभर थांबवितां येतो तसा हा थांबवितां येत नाहीं, आणि उठावें तर सोबती उघडे पडतात. क्रिकेटचा फलंदाजही मध्येंच उठून जात नाहीं हें खरें. परंतु तो खेळतो आहे हें सगळ्या मैदानास दिसतें, आणि तेथें उपाहाराची सुट्टी आहे, पंच आहे, मावळता सूर्य आहे. ह्या लढाईतले तीन सोबती घरांत कोणास दिसत नाहींत. दिसतो तो एकटाच कोपऱ्यांत बसलेला मुलगा. शिवाय हे खेळ फुकट मिळतात, आणि मिळकत होते ती खेळणारा जितका रेंगाळेल व तेथें जितका खर्च करील त्यावर. म्हणून रोज आलास तर बक्षीस, एक दिवस चुकलास तर नुकसान, अशी योजना असते. मुलाची निष्ठा खरी असते. तिच्यावर व्यापार दुसऱ्याचा चालतो.

शेवटची जात पैसे लावून खेळण्याची. हिच्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तापासून जुगाऱ्याचा विलाप आपण ऐकत आलों आहों. द्यूतांतून एकदां सुटलेला धर्मराज दुसऱ्यांदा बोलावणें येतांच परतला, हीच त्या खेळाची खूण. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें केलेल्या कायद्यानें पैशाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली, मात्र ई-स्पोर्ट्स व साधे करमणुकीचे खेळ त्यांपासून वेगळे ठेवले. हा भेद आम्हांस योग्य वाटतो.

येथें कोणी म्हणेल, कादंबरींत रात्र जागविणाराही हांक ऐकत नाहीं. मग तन्मयतेलाच तुम्ही पाप ठरविणार काय? मुळींच नाहीं. तन्मयतेवांचून विद्या नाहीं, कला नाहीं, भक्तीही नाहीं. पण मिटलेलें पुस्तक खूण घातलेल्या पानावर वाट पाहतें. तुम्ही उद्यां आलां नाहीं म्हणून दंड करीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या व्यसनाचा समावेश आहे. त्याचीं लक्षणें तासांत मोजलेलीं नाहींत: खेळण्यावरचा ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रस्थान मिळणें, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणें. वैद्यकशास्त्रही 'किती खेळतो' ह्यापेक्षां 'उठूं शकतो कां' हेंच विचारतें.

राहतां राहिला प्रश्न वडील माणसांचा. अतिथीची उपेक्षा हा अपराध खरा, पण शाप त्याहून मोठा होता, हेंही कालिदासानें दाखविलें आहे. दुर्वासानें हांक मारली, पण मुलगी कशांत गुंतली आहे ह्याची त्यानें गय केली नाहीं. मोबाइल भिंतीवर आपटणारे आमचे स्नेही, आणि तें मुकाट्यानें पाहणारे आम्ही, त्याच्याच पंक्तीचे. प्रियंवदा त्याच्या मागें धांवली, तिनें विनवणी केली, म्हणून शापाला निदान शेवट मिळाला.

त्या दिवशीं प्रियंवदेचें काम आत्याबाईंनीं केलें. चहा झाल्यावर त्यांनीं नातवाला जवळ बसविलें आणि विचारलें, "तुझे ते तिघे कोण रे?" मुलानें प्रथम मान वर केली नाहीं, मग हळूहळू सांगितलें. एक आंबिवलीचा, एक नागपूरचा, आणि तिसऱ्याचें नांवच तेवढें ठाऊक. खेळ कसा असतो, किती वेळ चालतो, मध्यें कां उठतां येत नाहीं, हें सारें बाईंनीं ऐकून घेतलें. शेवटीं त्या म्हणाल्या, "बरं, मग पुढच्या खेपेस खेळायला बसण्याआधीं दाराची कडी काढून ठेव. कोणी आलं तर तें आंत येऊन बसेल, आणि तुझा डाव संपला कीं तूं पाणी दे."

मुलगा उठला आणि त्यांच्यासाठीं पाणी घेऊन आला. स्नेही खाली बसून फुटलेल्या कांचेचे तुकडे वेंचीत होते. थोड्या वेळानें मुलगाही त्यांच्या शेजारीं जाऊन वेंचूं लागला.