पश्चात्ताप आणि परतफेड

'पश्चात्ताप' ह्या शब्दाची फोड केली तर मागाहून होणारा ताप, असा अर्थ निघतो. परंतु नव्या करारांतील ज्या ग्रीक शब्दासाठीं तो योजिला आहे, त्या 'मेटानोइया' शब्दाचा अर्थ मन पालटणें असा आहे. ताप हा पालटाचा सोबती खरा, पण ताप म्हणजेच पालट नव्हे. शेजाऱ्याचा बांध कोरून दोन हात जमीन आपल्या शेतांत ओढलेला मनुष्य उपासनेंत रडेल, मंडळीपुढें उभा राहून आपण पापी आहों असें कबूलही करील. पण बांध सरकविला तेथेंच राहिला, तर त्या अश्रूंस काय म्हणावें? खेड्यांतील मंडळ्यांस हा प्रश्न नवा नाहीं. बंधुजन तो बहुधा टाळतात, कारण बांध पुष्कळांचे आहेत.

ह्या बाबतींत यरीहोच्या जक्कयाची गोष्ट (लूक, अध्याय १९) नीट पाहण्यासारखी आहे. तो जकातदारांचा मुख्य होता. कोणाचें कांहीं अन्यायानें घेतलें असेल तर तें चौपट परत करीन, असें तो बोलला. आतां नियमशास्त्र काय मागत होतें? गणनेच्या ५ व्या अध्यायाप्रमाणें, अपराध कबूल करणारानें मुद्दल व त्यावर पांचवा हिस्सा द्यावयाचा. म्हणजे शंभर रुपयांचे एकशें वीस. चौपटीचा दंड निर्गमाच्या २२ व्या अध्यायांत आहे, आणि तो मेंढरूं चोरून कापणाऱ्यास किंवा विकणाऱ्यास लाविलेला आहे. जक्कयास कोणीं पकडून आणिलें नव्हतें. तरी तो आपण होऊन चोराच्या रांगेंत उभा राहिला. तो हिशेबी मनुष्य होता. चौपट म्हणजे किती, हें त्यास पुरतें ठाऊक असावें.

कोणी म्हणेल, ही तर प्रायश्चित्ताचीच जुनी वाट झाली. दंड भर, मग तुला पंगतीस घेऊं. तसें नव्हे. प्रभूनें त्यास आधीं झाडावरून खालीं बोलाविलें, तो त्याच्या घरीं उतरला, आणि मग जक्कयाची थैली सुटली. उलट यहूदा इस्कार्योत पाहा. त्यानें तीसही रुपये मंदिरांत टाकिले, आपलें पाप तोंडानें कबूल केलें, आणि तो प्रभूपासून दूर जाऊन मेला. पेत्रापाशीं परत देण्यासारखें कांहींच नव्हतें. पण तो प्रभूच्या माणसांतच राहिला, व प्रभूनें त्यास तेथें गांठलें.

मनाचा पालट एका दिवसांत पुरा होतो असेंही नाहीं. इंग्लंडांतील जॉन न्यूटन ह्यानें १७४८ सालीं समुद्रांत तुफान झालें असतां देवाचा धांवा केला, व तो दिवस तो जन्मभर स्मरत असे. तरी पुढें १७५४ पर्यंत तो गुलामांच्या जहाजांवर कप्तान होता! त्या व्यापाराविरुद्ध आपल्या लाजेसह त्यानें उघड लिहिलें तें १७८८ सालीं, म्हणजे चाळीस वर्षांनीं. त्याचें पहिलें रडणें खोटें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु उजेड कोठवर पोंचला होता, हें मात्र दिसतें. मेलेल्यांस तो कांहीं परत देऊं शकत नव्हता, म्हणून जिवंतांसाठीं त्यानें साक्ष दिली.

'ज्याचें घेतलें तो वारला,' ही सबब गणनेच्या त्याच अध्यायांत बंद केली आहे: त्याचा कोणी जवळचा नातलग उरला नसेल, तर भरपाई परमेश्वराची म्हणून याजकाकडे जावयाची. ज्यापाशीं देण्यास खरोखरच नाहीं, त्यानें शेजाऱ्याच्या दारीं जाऊन तें सांगावें व हप्ते ठरवावे.

उपदेशकांनीं अशा बंधूस मंडळीपुढें उभें करण्याची घाई करूं नये; त्याच्याबरोबर शेजाऱ्याच्या घरीं मात्र अवश्य जावें, शेजारी ख्रिस्ती नसला तर विशेषच. आणि जावयाचें तें पेरणीपूर्वीं जावें. एकदां त्या दोन हातांत बीं पडलें म्हणजे 'पीक निघूं द्या' असें म्हणण्यास जागा होते, आणि तें वर्ष गेलेंच.