सतराव्या वर्षीचा स्वधर्म

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागले की छावणीनंतर पडेगाव येते, पुढे मिटमिटा, शरणापूर आणि मग दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचा, किल्ला. पडेगावात बारावी झालेल्या मुलामुलींपुढची नावे एका दमात सांगून होतील: नीट, सीईटी, आयटीआय, पोलीस भरती, एमपीएससी, वाळूजच्या कंपनीत लागणे, नाहीतर बी.ए.ला नाव घालून ठेवणे. यातून निवडायची वेळ आली की आईवडील, मामा, क्लासचे सर सगळे एकच विचारतात, पोराचा कल कशात आहे? प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण त्याच्या पोटात एक जुनी धार्मिक समजूत दडली आहे. माणसाचे काम आधीच ठरलेले असते, आपण ते फक्त ओळखायचे, ही ती समजूत. मला ती चुकीची वाटते, आणि ती तपासायला लागणारा बराचसा ऐवज पडेगावच्या दोन बाजूंनाच आहे. इकडे देवगिरी, तिकडे नागसेनवन.

परधर्म कितीही नीट पाळता आला तरी उणा असलेला स्वधर्मच बरा, असे गीता सांगते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांतली मांडणी अशी की स्वधर्म शोधत हिंडावे लागत नाही, आई जशी आपण निवडत नाही तसा तोही जन्माबरोबर आलेला असतो. माणसाचा अहंकार सुटावा हा विनोबांचा हेतू होता, हे मान्य. पण चारच वर्षांनी, 1936 मध्ये, बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’च्या त्या न झालेल्या भाषणात नेमके याच विचाराचे मूळ उकरले. जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तिच्यात माणसाचे काम त्याच्या कुवतीवरून नव्हे तर आईबापांच्या दर्जावरून ठरते, हा त्यांचा आक्षेप. आज तो उघडपणे फारसे कुणी नाकारत नाही. आपण जन्माला त्या जागेवरून उठवले आणि तिथे कल आणून बसवला. कुंडलीचे काम ॲप्टिट्यूड टेस्ट करू लागली. मात्र घाट तोच राहिला, कारण दोन्हींत माणूस आधी घडून तयार असतो आणि काम नंतर येते. सतराव्या वर्षी दिसणारा कल म्हणजे बहुतेक वेळा तोवर जे डोळ्यांसमोरून गेले त्याची बेरीज. रोज लाव्हाच्या कातळावर चालणाऱ्या पण भूगर्भशास्त्रज्ञ कधीच न पाहिलेल्या मुलीचा कल भूगर्भशास्त्राकडे निघणार कसा? तिच्या गल्लीत नर्स आहे, शिक्षिका आहे, फौजदार आहे. कल त्यांतूनच निघतो, आणि मग त्याला आतला आवाज म्हटले जाते.

इथे संतांचा दाखला हमखास पुढे येतो. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, त्यांनी परमार्थासाठी किल्लेदारी टाकली नाही. पैठणहून त्यांच्याकडे आलेल्या एकनाथांना त्यांनी हिशेबाला बसवले. एका पैची चूक शोधण्यात नाथांची रात्र सरली आणि त्या एकाग्रतेतून गुरूने त्यांना पुढची वाट दाखवली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कथेत एक गोष्ट मात्र कुठेच येत नाही: नाथांना हिशेबाची आवड होती का? ते कुणी विचारलेच नाही. समोर आलेल्या कामात ते बुडाले, आणि गोडी त्या बुडण्यातून आली. गोरोबा, सावता माळी, नरहरी सोनार यांच्याबद्दलही इतकेच म्हणता येईल. मात्र याच ओळीत चोखोबाही आहेत. मंगळवेढ्याच्या कुसवाचे काम करताना कुसू कोसळून त्यांचा अंत झाला असे परंपरा सांगते. ते काम त्यांनी निवडलेले नव्हते. संतचरित्रे काम कसे करावे हे सांगतात, कोणते काम कुणाच्या वाट्याला यावे याचा निवाडा त्यांत नाही. तो त्यांतून काढणारे लोक भक्तीच्या पदराखाली जात झाकतात.

दुसऱ्या बाजूला नागसेनवन. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे महाविद्यालय काढले, आणि त्याला पुढे नाव मिळाले ते मिलिंदाचे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. भिक्षू नागसेन त्या राजाला विचारतो, रथ म्हणजे नक्की काय? आस? चाके? जू? यांतले एकेक पाहिले तर रथ कशातच नाही, सगळे जुळते तेव्हा त्याला रथ म्हणतात. माणसाचेही तसेच, हा बौद्धांचा अनात्मवाद. हे मान्य केले तर ‘मी मुळात कोण आहे, म्हणजे काय शिकू’ हा प्रश्न उलटा पडतो. काय शिकतो त्यावर मी कोण होतो हे ठरते. बाबासाहेबांचेच पाहा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात अर्थशास्त्र, मग कराराप्रमाणे 1917 मध्ये बडोद्यात नोकरी, तिथे राहायला जागा मिळेना म्हणून परत मुंबई, शेअरच्या सल्ल्याचा धंदा, तोही अस्पृश्यतेपायी बुडाला, 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पुन्हा लंडन, मग वकिली. यात ठरलेला कल शोधू गेले तर हाती लागत नाही. अपमान, करार, गरज आणि अफाट अभ्यास यांनी ती वाट पाडली. बौद्ध परंपरा कामाबाबत सांगते तेही बहुतांशी नकाराच्या रूपात: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य, विष यांचा व्यापार करू नये. उरलेले जग मोकळे ठेवले आहे. मला हे शहाणपणाचे वाटते. कशाने दुसऱ्याचे नुकसान होईल हे सतरा वर्षांच्या मुलाला कळू शकते. चाळिशीत आपल्याला काय आवडेल हे कुणालाच कळत नाही.

यावर एक आक्षेप असा की ठरलेला स्वभावच नसेल तर मुलांनी आईबापांचेच ऐकावे, काय बिघडले? बिघडते, कारण मुलाला जे दिसत नाही ते बापालाही दिसत नाही, आणि फसल्यावर भोगणारा मुलगा असतो. काहींचा गळा किंवा गणित लहानपणीच उघड असते हे खरे, पण त्यांच्यापुढे हा प्रश्न मुळात येतच नाही. खरा वजनदार आक्षेप पैशाचा आहे. वाटेत मार्ग बदलण्याची चैन घरची शेती विकून फी भरलेल्या मुलाला परवडत नाही, आणि अनात्मवाद कर्जाचा हप्ता भरत नाही. तेव्हा चुकण्याची किंमत एकट्या घराने सोसू नये अशी सोय लागते. नागसेनवनात महाविद्यालयाच्या जोडीला वसतिगृहे उभी राहिली ती याच जातीची सोय. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर आणले, पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची, पुन्हा परतण्याचीही मुभा दिली. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. पण एक वर्षाचे ते प्रमाणपत्र वाळूजच्या गेटवर कुणी हातात धरत नसेल, तर पडेगावच्या मुलाला बाहेर पडण्याची मुभा आहे एवढेच कळेल, आणि तो कल सांगणाऱ्याकडेच जाईल.