गवताखालचे घर

उत्तर आइसलँडमधील ग्लाउम्बायर हे मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीने रचलेले शेतघर १९४७ पर्यंत नांदते होते. १९५२ पासून ते संग्रहालय आहे. हिरवे छप्पर पाहून प्रवासी हरखतो. पण दुसऱ्यांनी सोसलेल्या ओलीचे नि अंधाराचे असे कौतुक करावे काय? त्यातही हे धर्मगुरूंचे घर, म्हणजे त्यातल्या त्यात बरे. गरिबांची खोपटी केव्हाच मातीला मिळाली. तरीही मी म्हणेन, जावे. मात्र लांब बोळातून थेट शेवटच्या खोलीपर्यंत जावे. तेथे घरची व गडीमाणसे एकेका खाटेवर दोघे-दोघे झोपत, खाटेवरच जेवत. हिवाळ्याच्या रात्री एकजण मोठ्याने वाचीत असे आणि बाकीचे लोकर विंचरता-कातता ऐकत. खोलीत बहुधा शेगडीही नसे. एकमेकांच्या अंगाची ऊब होती, तेवढीच.