आजचे चिंतन : वाणीचे तप आणि कस्टमर केअर



आजचा श्लोक गीतेच्या १७ व्या अध्यायातला १५ वा. भगवंत इथे वाणीचे तप सांगतात. कुणाच्या मनाला टोचणार नाही, खरे असेल, गोड असेल आणि हिताचे असेल असे बोलणे, आणि सोबत स्वाध्याय. श्लोक मला कधीचा पाठ आहे. पण पाठ असणे आणि अंगी असणे यात किती अंतर आहे, ते मागच्या आठवड्यात कळले.

आमच्या तळेघरला पाऊस लागला की लागतोच. जुना मोबाईल भिजून बंद पडला, सिमही गेले. घोडेगावला जाऊन नवा फोन घेतला, त्याच नंबरचे दुसरे सिम काढले. घरी येईपर्यंत सिम चालू झाले. फोन लागत होते, पण मेसेज काही येईना. मेसेज नाही म्हणजे ओटीपी नाही, आणि ओटीपी नाही म्हणजे खात्यातले पैसे हलणार नाहीत. भाचीची कॉलेजची फी त्याच दिवशी पाचच्या आत भरायची होती. पोरगी शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

कस्टमर केअरला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करता करता दोनदा कट झाला. तिसऱ्या वेळी एक मुलगी बोलली. "सर, सिम बदलल्यावर पहिले २४ तास मेसेज बंद असतात. तुमच्या सुरक्षेसाठीच आहे, सर."

मी ऐकूनच घेतले नाही. "तुम्ही सगळे खोटारडे! तुला कळत नसेल तर वरच्या साहेबाला दे." आणखीही बरेच बोललो, ते इथे लिहवत नाही. ती नुसती "सॉरी सर" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर भाची हळूच म्हणाली, "मामा, ती पण माझ्याएवढीच असेल ना?"

फी एका ओळखीच्या माणसाने त्याच्या खात्यातून भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे मेसेज आपोआप सुरू झाले. म्हणजे मुलगी खरेच बोलत होती. नियमही आपल्या भल्याचाच. उद्या एखाद्या भामट्याने माझ्या नंबरचे सिम काढले, तर ओटीपी लगेच त्याच्या हाती पडू नये, मला सावध व्हायला वेळ मिळावा, म्हणून तो आहे. तिचे बोलणे खरे होते, हिताचेही होते. मला ते गोड लागले नाही, एवढाच तिचा अपराध.

मग अडचण झाली तरी गप्प बसायचे का? तसे नाही. सिम देतानाच ही गोष्ट मला कुणीतरी सांगायला हवी होती, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी ट्रायचे २०१२ चे नियम आहेत. कंपनीकडे तक्रार नोंदवायची, तिचा नंबर घ्यायचा, समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचे. पण मी रागाच्या भरात तक्रारीचा नंबर मागायचाच विसरलो! ओरडलो भरपूर, तक्रार केलीच नाही. श्लोक गप्प बसायला सांगत नाही. जे खरे आहे ते बोलाच, फक्त समोरच्याला न दुखवता बोला, एवढेच सांगतो. नियम त्या मुलीने केला नव्हता. ती फक्त हाताशी सापडली.

माऊली या श्लोकावर परिसाचा दाखला देतात. परीस लोखंडाला कुठेही न तोडता त्याचे सोने करतो. मी नेमके उलटे केले. माणूस तोडला आणि सोने तर मिळालेच नाही.

दुसऱ्या दिवशी माफी मागावी म्हणून पुन्हा फोन लावला. वेगळाच मुलगा बोलला. तिचे नाव मी विचारलेच नव्हते, ती आता कशी सापडणार? काही माफ्या अशा राहूनच जातात. त्या मुलाने विचारले, "सर, काय मदत करू?" मी म्हटले, "बाळा, काम झाले आहे. काल तुमच्यातल्या एका मुलीने मला बरोबर माहिती दिली होती, तेवढे सांगायचे होते." तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "थँक्यू सर. असं कुणी सांगत नाही."

माऊलींनी तिथेच आणखी एक दाखला दिला आहे. पाणी घालावे झाडाला, पण वाटेतले गवतही त्यावर जगते. माझे पाणी तिच्यापर्यंत पोचले नाही, निदान वाटेत कुणाला तरी मिळाले. एवढ्याने माझे देणे फिटले असे मात्र मी मानत नाही.

आज दिवसभरात एक फोन तरी असा येईल, की जीभ सुटेल. तेव्हा हा श्लोक आठवू या.

राम कृष्ण हरी.