सहप्रवाशाचे ऋण

दूरच्या प्रवासाची वर्णने लिहिणारे लेखक पहिल्या दिवसाला बहुधा दोन ओळींत वाटेला लावतात. घर सोडले, अमुक गावी मुक्काम केला, आणि मग खरे वर्णन सुरू! ओळखीचा रस्ता, ओळखीची गावे, डब्यातील घरचेच धपाटे. यात सांगण्यासारखे ते काय, असे त्यांस वाटत असावे. देखाव्यांपुरते ते खरेही आहे. परंतु चार मित्र मिळून मोटारीने पंधरा दिवसांच्या वाटेस लागतात, तेव्हा त्या पहिल्या दिवसास एक असे वैशिष्ट्य असते, की जे पुढील कोणत्याही दिवसास नसते. त्या दिवशी अजून सहज परत फिरता येते. पुढे परतणे म्हणजे साऱ्या बेतावर पाणी सोडणे. पहिल्या दिवशी ते काही तासांचे काम असते. म्हणूनच, एकत्र निघालेली माणसे परस्परांचे काय लागतात, हा प्रश्न तपासून पाहण्यास हाच दिवस सर्वांत सोयीचा.

निघताना कोणी कोणास वचन देत नाही. पेट्रोलचा खर्च चौघांत वाटावयाचा, चाक कोणी केव्हा धरावयाचे, पहिला मुक्काम हुबळीस करावयाचा, एवढे ठरते. परंतु ‘वाटेत मी तुला टाकून जाणार नाही’ हे वाक्य उच्चारले जात नाही, आणि कोणी उच्चारलेच तर इतर हसतील. मग बंधन येते कोठून? डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने 1740 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात यावर एक दृष्टांत दिला आहे. दोन माणसे एका नावेत बसून वल्ही मारतात. त्यांनी एकमेकांस वचन दिलेले नसते, तरी दोघांचे हात एका समजुतीने चालतात. कारण एकाने हात आवरला तर दुसऱ्याचे श्रमही फुकट. दृष्टांत मार्मिक खरा, पण अपुरा. वल्ही का मारावी हे तो सांगतो. एकाच्या हातातील बळ सरले म्हणजे दुसऱ्याने काय करावे, हे सांगत नाही.

आपल्या जुन्या प्रवासांत हा प्रश्न वडीलकीने सुटत असे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तर हिंदुस्थानात जाण्यास निघाले, ते आपले काका रामभट यांच्या सोबतीने. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली प्रथम छापला गेला, आणि मराठी वाचकांस त्याची ओळख करून देण्याचे आता कारण उरलेले नाही. काका-पुतण्याच्या जोडीत अखेरचा शब्द कोणाचा, हे उंबरठा ओलांडण्यापूर्वीच ठरलेले असते. मित्रांचे तसे नाही. समानता हा मैत्रीचा प्राण, आणि प्रवासात तीच अडचण होऊन बसते; कारण रस्ता फुटतो तेथे गाडी एकाच बाजूस वळू शकते.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मैत्रीचा विचार करताना सहप्रवाशांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. एका जहाजातून जाणारे लोक एकमेकांस मित्र म्हणतात, आणि जितका त्यांचा सहवास तितकीच त्यांची मैत्री, असे त्याचे म्हणणे. त्याच ग्रंथात तो एक जुनी म्हणही सांगतो, की एकत्र बसून पुरेसे मीठ खाल्ल्यावाचून माणसे एकमेकांस ओळखीत नाहीत. तीस वर्षांची मैत्री असली तरी तिच्यातील मीठ पुष्कळदा संध्याकाळच्या चहापुरतेच खाल्लेले असते. घरी भेटणारा मित्र आपले उत्तम दोन तास घेऊन येतो. मोटारीत तो सबंध येतो: त्याची भूक, त्याची झोप, खिडकी उघडी हवी की बंद हा त्याचा आग्रह, या सर्वांनिशी.

या आग्रहांची मला फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती अनाग्रहाची. ‘मला काहीही चालेल’ हे वाक्य आपल्या सुशिक्षित वर्गात सौजन्याचे लक्षण मानले जाते. कोल्हापुरास आत शिरून अंबाबाईचे दर्शन घ्यावयाचे, की हमरस्त्यानेच निपाणी गाठावयाची? चौघेही म्हणतात, ‘तुम्ही म्हणाल तसे.’ वरवर पाहता हा त्याग. वस्तुतः निर्णयाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून त्याचा निकाल लावण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवण्याची ही युक्ती होय. जेरी हार्वे नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1974 साली आपल्याच घरची एक हकीकत प्रसिद्ध केली. टेक्सासमधील भर उन्हाळा. कोलमन गावी घरातील चार माणसे निवांत बसली असता कोणी एकाने सुमारे 53 मैलांवरील ॲबिलीन येथे जेवावयास जाण्याची गोष्ट काढली. सर्वांनी होकार दिला. थंड हवेची सोय नसलेल्या गाडीतून धूळ खात ती जाऊन आली, आणि परतल्यावर उलगडा झाला की जाण्याची इच्छा चौघांपैकी एकासही नव्हती. प्रत्येकाने इतरांचे मन राखले होते! मन राखणे आणि मन लपविणे यांत अंतर आहे, आणि मित्राशी दुसरे करणे हा एक सभ्य असत्याचाच प्रकार आहे, असे मला वाटते.

तरी सर्व प्रश्न मोकळ्या बोलण्याने, किंवा मते मोजून, सुटतात असेही नाही. चाक ज्याच्या हाती आहे तो थकला म्हणाला, तर उरलेल्या तिघांचे बहुमत कवडीमोलाचे. त्यास आज्ञा करण्याचा अधिकार नाही, पण नकाराचा पूर्ण आहे.

एक प्रसंग सांगतो. आम्ही चौघे पुण्याहून कन्याकुमारीस निघालो होतो. खंबाटकीचा घाट चढून, सातारा मागे टाकून, कराडापाशी चहास थांबलो, तोच एकाच्या फोनवर निरोप आला, की त्याच्या वडील बंधूंस एकाएकी रुग्णालयात न्यावे लागले आहे. तो शांतपणे म्हणाला, “अरे, तुम्ही कशाला खोळंबता? येथून एस.टी. मिळेल. मी जातो परत.” आमच्यापैकी एकाचे मत पडले की, तो स्वतः सांगतो आहे तर त्याचा शब्द मानावा, आपला त्याग त्याच्यावर लादून त्यास ऋणी का करावे? हे मत हलके नव्हते. ते मांडणाऱ्याने कित्येक वर्षांनी एवढी सलग रजा मिळविली होती, आणि ती पुन्हा मिळण्याचा संभव नव्हता. त्यास मी स्वार्थी म्हणणार नाही. दुसरा म्हणाला, आपण सगळेच परतू. यावर पहिला अधिकच निक्षून ‘नको’ म्हणू लागला. तेव्हा तिसऱ्याने निराळाच प्रश्न केला: “रुग्णालयात तुझ्याजवळ कोणी बसायला हवे आहे का? हो की नाही, तेवढेच सांग.” हातातील पेल्याकडे पाहत तो काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “हो.” गाडी वळली. जाताना घाट चढावा लागला होता, परतताना मात्र खंबाटकीस बोगदा होता. ती वाट लवकर सरली. कोणी फारसे बोलले नाही. तो प्रवास पुढे झाला नाही.

सर्वांनी परतणे हे कर्तव्य होते काय? नाही, असे आज मला वाटते. एकजण त्याच्याबरोबर गेला असता तरी पुरते. हाच निरोप सातव्या दिवशी आला असता, तर तो विमानाने निघाला असता, एकजण सोबत गेला असता, आणि गाडी माघारी आणण्यास दोघे मागे राहिले असते. त्यांस कोणी दोष दिला नसता. ऋण होते ते त्यास एकटा न सोडण्याचे. चौघांनीही फिरणे ही पहिल्या दिवसाने दिलेली सवलत, आणि तिची किंमत रजा घेऊन आलेल्या त्या मित्राने इतरांहून अधिक मोजली. त्याची हळहळ आम्ही तेव्हा ऐकून घ्यावयास हवी होती, एवढे मात्र म्हटलेच पाहिजे. भल्या कृत्याच्या भरात अशी माणसे फार लवकर विसरली जातात.

यक्षाने प्रवाशाचा मित्र कोण असे विचारले, तेव्हा युधिष्ठिराने ‘सार्थ’, म्हणजे बरोबर चालणारा तांडा, असे उत्तर दिले. सुभाषितकारांनी पुढे त्या जागी विद्येस बसविले. पण ज्याची गाडी रात्री आडवाटेस बंद पडली आहे, त्यास युधिष्ठिराचेच उत्तर पटेल. गंमत अशी, की हाच युधिष्ठिर महाप्रस्थानात द्रौपदी कोसळली तेव्हा वळूनही पाहत नाही. भीम विचारतो, ही का पडली? हा तिचा दोष सांगतो आणि पुढे चालू लागतो. सहदेव, नकुल, अर्जुन, अखेर स्वतः भीम. प्रत्येकाच्या वेळी दोषाचे निदान तयार! सोबतीणीच्या पतनप्रसंगी तिचा हिशेब मांडणाऱ्या या धर्मराजाशी माझे मन कधी जुळले नाही. पण महाभारतकारही त्यास तेथे सोडीत नाहीत. कुत्र्यास टाकून तो इंद्राच्या रथात चढत नाही. आणि पुढे भावांचे आर्त स्वर कानी पडताच, स्वर्ग नको, येथेच राहीन, असे नरकाच्या दारी उभा राहून म्हणतो. वाटेत जे केले नाही ते त्याने मुक्कामी केले.

आमच्या वारकऱ्यांनी मात्र एवढा विलंब ठेवलेला नाही. ज्ञानेश्वरांच्या पालखीसोबत शेकडो दिंड्या चालतात. संध्याकाळी तळावर समाज आरतीस सर्व जमले, की चोपदार दंड उंचावतो आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती तेवढी टाळ वाजवीतच राहते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते, मग आरती. एवढ्या अफाट समुदायात त्या दिवसाची तक्रार त्याच दिवशी मांडण्याची ही सोय आहे. चार मित्रांपाशी ना टाळ ना चोपदार. पहिल्या मुक्कामी जेवणे आटोपून, उद्या किती वाजता निघावयाचे हे ठरू लागते, तेव्हा कोणाच्या मनात टाळ वाजत राहिला आहे हे कोणी तरी कान देऊन ऐकावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी तो म्हणतो, “मला काहीही चालेल.”